घाट उतरून बोर्लीकडे



लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आता आपल्या खेड्यांतूनही रुळली आहे. कुणी पेढे वाटतात, कुणी देवदर्शनाला जातात, तर कुणी नवरा-बायको गाडी काढून डोंगर आणि समुद्र पाहायला निघतात. अशाच एका जोडप्याबरोबर आज आपण पुण्याहून रायगड जिल्ह्यातल्या बोर्ली पंचतनला जाऊ. वाट दीडशे किलोमीटरांहून थोडी अधिक. दिवस मार्गशीर्षाचे धरू, म्हणजे पाऊस सरलेला आणि रान अजून हिरवे.

पहाटे निघाले की पिरंगुट, पौड मागे पडते आणि मुळशी धरणाचे पाणी दिसू लागते. याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ साली सत्याग्रह केला होता. पुढे लागतो ताम्हिणी घाट. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे या कड्यांना अडून वर चढतात, थंड होतात आणि पाणी सांडून मोकळे होतात. म्हणून इथे रान दाट आहे. या भागाला २०१३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला.

इथे गाडी जरा बाजूला घेऊन झाडांच्या शेंड्यांकडे पाहावे. तांबूस अंगाचा, झुपकेदार शेपटीचा शेकरू दिसला तर भाग्यच! महाराष्ट्राचा राज्यप्राणी तो हाच. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या फांदीवरून त्या फांदीवर उडी घेत तो जातो. म्हणजे काय, तर फांदीला फांदी भिडलेली असणे हाच त्याचा रस्ता. मधले एक मोठे झाड तोडले, की आपल्या रस्त्यावरचा पूल कोसळावा तसे त्याचे होते. आपल्या वाडवडिलांनी देवराया राखल्या, त्यामुळे त्याचे पुष्कळ रस्ते शाबूत राहिले. वाटेत माकडे भेटतील. त्यांना खाऊ टाकू नये. खाऊच्या आशेने ती रस्त्यावर येतात आणि गाडीखाली सापडतात.

घाट उतरून निजामपूर, माणगाव, मोर्बे करीत दहाच्या सुमाराला म्हसळा गाठावे. ही वेळ मुद्दाम सांगितली, बरं का! ऊन तापले की जमिनीवरची हवा वर चढू लागते आणि तिच्यावर पंख पसरून गिधाडे घिरट्या घेतात. म्हसळ्याजवळच्या चिरगावचे रान पांढऱ्या पाठीच्या गिधाडांसाठी प्रसिद्ध आहे. काळसर अंग, मानेभोवती पांढरी झालर, आणि वळताना पाठीवर दिसणारा पांढरा पट्टा, ही त्याची खूण. हेही जोडप्यानेच संसार करतात. उंच झाडावर, कोकणात नारळाच्या शेंड्यावरही, घरटे बांधतात. मादी वर्षाला एकच अंडे घालते. अंडे उबवणे आणि पिल्लाला भरवणे ही कामे नर-मादी दोघे वाटून घेतात.

एकेकाळी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले, की आभाळ गिधाडांनी भरून जाई. १९९० नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत भारतातली ही जात शंभरांत नव्याण्णवांहून अधिक नाहीशी झाली. कारण काय? २००४ साली शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले. गुराला ताप किंवा सूज आली, की डायक्लोफेनॅक नावाचे औषध टोचले जाई. ते गुरू लवकरच दगावले आणि गिधाडांनी खाल्ले, तर त्यांचे मूत्रपिंड बंद पडून ती काही दिवसांत मरत. एका ढोरावर पंगत बसते गिधाडांच्या थव्याची. त्यामुळे शेकडा एक मढे जरी औषधाचे निघाले, तरी साऱ्या जातीचा घात व्हायला तेवढे पुरे होते. जिचे घरटे वर्षाला एकच पिल्लू देते, ती जात ही हानी भरून काढणार कशी?

गुरांसाठी हे औषध सरकारने २००६ साली बंद केले. तरी माणसांसाठी निघणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत. म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही तीन मिलिलीटरची, एका वेळेपुरती, ठरवून दिली. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही औषधेही २०२३ साली गुरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरालाही लागू पडते आणि गिधाडालाही बाधत नाही. तेव्हा डॉक्टर गोठ्यात आले की एवढेच विचारावे, “साहेब, हे औषध गिधाडांना चालतं ना?” या प्रश्नाला पैसा पडत नाही.

शिक्षक मित्रहो, गिधाड नसले की मढी कुजत राहतात, त्यांवर भटकी कुत्री पोसतात आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे भय वाढते. ही साखळी फळ्यावर काढून दाखवा. आसपासच्या उंच झाडांची मुलांकडून यादी करवून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या नारळी-पोफळी किती आडव्या केल्या, हे इथली मुले जाणतातच. उरलेल्या झाडांचे मोल त्यामुळेच अधिक.

म्हसळा सोडले की डोंगर उतरणीला लागतात, जांभ्या दगडाची कुंपणे दिसतात आणि बोर्ली पंचतनची बाजारपेठ येते. पलीकडे दिवेआगरचा समुद्र. आपले जोडपे दुपारी तिथे निवांत जेवेल. पाहुण्यांना आपण मासळी आणि सोलकढी खुशाल वाढू. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा आले तर आभाळात त्यांना काय दाखवायचे, हे मात्र आपल्या गोठ्यात ठरणार आहे.