बीजाची सुप्तावस्था व विश्रामावस्था

इंग्रजीतील ‘डॉर्मन्सी’ (सुप्तावस्था) व ‘क्विएसन्स’ (विश्रामावस्था) या संज्ञा बीजांच्या निष्क्रियतेसंबंधी पुष्कळदा एकाच अर्थी वापरल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत. आजरा (जि. कोल्हापूर) येथील सुवासिक घनसाळ भातास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा भाताचे कणगीत राखलेले कोरडे बियाणे केवळ ओलीअभावी उगवत नाही, ही विश्रामावस्था. ओल, ऊब व हवा मिळूनही आंतरिक कारणाने जिवंत बी उगवत नसेल, तर ती सुप्तावस्था. काढणीच्या वेळी पाऊस आल्यास लोंबीतच दाण्यांना कोंब फुटणे तिच्यामुळे टळते. उपट्या भुईमुगात ती बहुधा नसते. त्यामुळे शेंगा जमिनीतच उगवून नुकसान होते. नव्या भाताची सुप्तावस्था सु. ५०° से. कोरड्या उष्णतेने काही दिवसांत घालविता येते. अन्यथा उगवणचाचणीत चांगले बियाणेही निकामी ठरण्याचा संभव असतो.