सेंद्रिय कापड : मालाइतकाच कागदही पक्का हवा

परदेशी गिऱ्हाईक आता कापडाला हात लावण्याआधी कागद मागतो. याची सुरुवात जुनी आहे. १९९४ साली जर्मनीने काही अझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा आपल्या कित्येक व्यापाऱ्यांची झोप उडाली होती.

सेंद्रिय कपाशीच्या मालात जिनिंग, सूतगिरणी, सायझिंग, माग, रंगाई अशी प्रत्येक पायरी ‘गॉट्स’ प्रमाणित लागते. माल विकला की सोबत व्यवहाराचा दाखला, म्हणजे टीसी, हवाच. मी यातच फसलो. सूत प्रमाणित, माग प्रमाणित. रंगाईखान्याच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र संपलेली. माल साध्या भावात गेला, सुताला मोजलेले जादा पैसे अंगावर पडले. वीस वर्षांची ओळख म्हणून मी तारीखच पाहिली नव्हती.

२०२० मध्ये भारतात २० हजार टन सेंद्रिय कापसाचा बनावट दाखल्यांचा घोटाळा गॉट्सने उघड केला. खोटे करणारे थोडे, संशय सगळ्यांवर!

आपल्या यंत्रमागवाल्या भावांनी निदान चार माग वेगळे ठेवावेत. सुताच्या कोनांवर चिठ्ठी, रजिस्टर वेगळे. चिंधीसुद्धा तोलून लिहावी. आलेले सूत आणि गेलेले कापड यांचे वजन तपासनीस ताडून पाहतो. एकट्याला खर्च झेपत नसेल तर प्रमाणित कारखानदाराकडे मजुरीने काम धरावे, पण त्याच्या प्रमाणपत्रात आपल्या कारखान्याचे नाव चढले की नाही, ते सूत उतरवून घेण्याआधी पाहावे.