आधी पत्रिका, मग लग्न! (घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड बसवताना)

मित्रांनो, "ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय, कुठलं घेऊ?" हा प्रश्न आपल्या कॉलेजात सबमिशनच्या तारखेइतकाच हमखास विचारला जातो. उत्तरंही हमखास मिळतात. कोणी गेमचा फ्रेम रेट सांगतो, कोणी "अजून थोडे पैसे टाक आणि वरचं घे" असा फुकटचा सल्ला देतो. पण "तुझ्या घरच्या डब्यात एसएमपीएस कुठला आहे?" हे मात्र कोणी विचारत नाही. स्थळ पसंत, हॉल बुक आणि पत्रिका बघायचीच राहिली, अशातला हा प्रकार! म्हणून हा लेखप्रपंच.

आधी हे कार्ड करतं काय ते थोडक्यात बघू. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा चित्र बदलायचं तर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग ठरवायला लागतात. प्रत्येक ठिपक्याचं गणित सोपं, पण संख्या अफाट. प्रोसेसरमध्ये चार-सहा हुशार कोअर असतात, तर ग्राफिक्स चिपमध्ये हजारो साधे. म्हणजे एकीकडे चार प्राध्यापक आणि दुसरीकडे पाढे पाठ असलेली दोन हजार पोरं. अवघड गणित प्राध्यापक सोडवतील. पण एक लाख बेरजा करायच्या असतील तर पोरंच आधी संपवणार! २००७ साली एनव्हिडियाने कुडा आणलं आणि या पोरांना चित्राखेरीज इतर गणितांना जुंपणंही सोपं झालं.

मला कार्ड हवं होतं ते याचसाठी. (गेमसाठी नाही, असं घरी सांगितलंय. तुम्हीही तेच सांगा.) फोटोवरून डाळिंबाचा तेल्या रोग ओळखायचा, हा आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट. नुसत्या प्रोसेसरवर मॉडेल शिकवायला बसलो की रात्र सरायची. पण घरचा कॉम्प्युटर माझ्या एकट्याचा नाही. २०१६ साली असेंबल केलेल्या त्या डब्यात आईच्या शिवणक्लासचा सगळा हिशेब आहे आणि बहिणीचे ॲडमिशनचे फॉर्मही तिथूनच भरले जातात. प्रयोग फसला तर जेवायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती. तेव्हा पैसे मोजण्याआधी गुण जुळवायला बसलो.

पहिला गुण, वीज. यातच निम्मी लग्नं मोडतात. माझा एसएमपीएस दोन वर्षांपूर्वी बदललेला. त्यावर ठळक अक्षरांत '४५० वॅट' लिहिलंय. त्या आकड्याकडे ढुंकूनही बघू नका! खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही मुख्यतः तिथूनच जेवतात. माझ्याकडे निघाले १६ अँपिअर. फर्स्ट इयरला घोकलेलं सूत्र आठवा, पी बरोबर व्ही गुणिले आय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कुठे ४५० आणि कुठे १९२!

आता खर्चाची बाजू. माझा प्रोसेसर आय-फाइव्ह ६५००, म्हणजे ६५ वॅट. हार्ड डिस्क आणि पंखे मिळून साधारण २०. कार्ड घ्यायचं होतं आरटीएक्स ३०५०, पण या एकाच नावाची दोन भावंडं आहेत. २०२२ साली आलेलं मूळ ८ जीबीचं कार्ड १३० वॅट खातं. २०२४ साली आलेलं ६ जीबीचं ७० वॅट. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने अर्थातच मोठं पुढे केलं. मी तिथेच वहीत बेरीज मांडली. मोठ्या भावाबरोबर २१५ वॅट, म्हणजे १९२ च्या पार. धाकट्याबरोबर १५५ वॅट, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा शिल्लक. धाकट्याला होकार दिला!

क्षमतेपेक्षा जास्त ओढलं तर काय होतं? एसएमपीएस चांगला असेल तर तो स्वतःला बंद करतो, आणि ऐन रंगात आलेला गेम सोडून कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. हलका असेल तर जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जातो. एसएमपीएस फार जुना किंवा बिनबिलाचा असेल, तर कार्ड पुढच्या महिन्यात घ्या, आधी तो बदला.

दुसरा गुण, स्लॉट. कार्ड बसतं ते पीसीआय एक्सप्रेसच्या लांब, सोळा लेनच्या स्लॉटमध्ये. हा स्लॉट स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. त्यापुढची भूक असेल तर एसएमपीएसमधून वेगळी वायर लागते. सहा पिनांची ७५ वॅटची, आठ पिनांची १५० ची. (प्रोसेसरसाठीही आठ पिनांची वायर असते. दिसायला जुळी बहीण, पण आतली जोडणी वेगळी. बळजबरीने घुसवू नका.) माझा बोर्ड तिसऱ्या पिढीचा आणि कार्ड चौथ्या पिढीचं, शिवाय ते आठच लेन वापरतं. तरी चालतं. वेग सेकंदाला सुमारे १६ ऐवजी ८ जीबी मिळतो, एवढंच. कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला १६८ जीबी हलवते. डेटा एकदा आत गेला की दरवाजाची रुंदी फारशी आड येत नाही. मात्र मॉडेल त्या ६ जीबीत मावायला हवं.

तिसरा गुण, जागा. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजा आणि ते कार्डाच्या लांबीशी ताडून बघा. बरीच कार्डं दोन स्लॉटची जाडी घेतात.

चौथा गुण, मॉनिटर. नव्या कार्डांवर निळं व्हीजीए पोर्ट नसतं. जुना मॉनिटर असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर सोबतच घ्या, नाहीतर नवरदेव दारात आणि अंतरपाट धरायला कोणी नाही!

गुण जुळले की लग्न दहा मिनिटांचं. आधी बॅकअप घ्या. (आईचा हिशेब मी पेनड्राइव्हवर दोनदा घेतला.) कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. अंगावरची स्थिर वीज जाणवायला तिचा दाब सुमारे तीन हजार व्होल्ट असावा लागतो. चिप त्याच्या कितीतरी आधी मरू शकते. म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा. मागच्या पट्ट्या काढा, कार्ड कडेने धरा आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन स्लॉटची खिट्टी 'टक्' वाजेपर्यंत बसवा. स्क्रू घट्ट करा. मॉनिटरची वायर आता कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही! "कार्ड घेतलं पण फरकच पडला नाही" अशा तक्रारींमागे अनेकदा हीच वायर असते.

मग कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर टाका. आधी दुसऱ्या कंपनीचं कार्ड असेल तर त्याचा ड्रायव्हर काढून टाका. शेवटी अर्धा तास कार्डाला भरपूर काम देऊन तापमान बघत बसा. या अर्ध्या तासात कॉम्प्युटर बंद पडला नाही, तर आपली बेरीज बरोबर.

माझी बरोबर आली. तेल्याचं मॉडेल आता चहा होईपर्यंत एक फेरी पूर्ण करतं, आणि शिवणक्लासच्या हिशेबातला एक पैसाही इकडचा तिकडे झालेला नाही. मोठं कार्ड घेतलेल्या मित्रांचा हेवा वाटतो का? वाटतो की! पण त्यासाठी आधी मोठा एसएमपीएस घ्यावा लागेल, आणि त्यासाठी आधी नोकरी. तेव्हा मित्रांनो, दुकानात जाण्याआधी आज रात्रीच डब्याचं झाकण उघडा आणि तो बारीक तक्ता वाचून वहीत उतरवून घ्या. बेरीज-वजाबाकीला जीएसटी लागत नाही!