जुन्या फरशीवर नवी लादी बसवताय? आधी एक पट्टी आणि दोन नाणी घ्या!

तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींत बहुतेक घरांत मोझॅक किंवा शहाबादी फरशी दिसते. ती फोडायची म्हटलं की धूळ, आवाज, डेब्रिज उचलण्याचा खर्च आणि शेजाऱ्यांची नाराजी आलीच. म्हणून ‘आहे त्यावरच नवी बसवून टाका’ हा सल्ला पटकन पटतो. तो चुकीचा नाही. पण खालची फरशी उंच-सखल असेल तर नवी लादी पोकळ वाजू लागते, कोपरे उडतात आणि सगळा खर्च वाया जातो. त्यामुळे शोरूममध्ये जाण्याआधी हे तपासा.

फरशी कशी तपासायची?

गवंड्याकडची सहा-साडेसहा फुटी सरळ पट्टी फरशीवर वेगवेगळ्या दिशांनी ठेवा. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जाडी साधारण ३ मिमी होते. पट्टीखालून ही जोडी सरकत असेल, तर फरशी आधी सपाट करावी लागेल.

सपाट आणि पाणसळीत, फरक काय?

खोलीला एका बाजूला हलका उतार असला, तरी फरशी सपाट असू शकते. असा उतार सहसा चालून जातो. खरा त्रास खड्डे आणि उंचवट्यांचा असतो, कारण तिथे लादीखाली पोकळी राहते.

कोणता पर्याय निवडायचा?

• व्हिट्रिफाइड टाइल्स : या जेमतेम ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषतात. त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर त्या नीट पकड घेत नाहीत. टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरा. पिशवीवर ‘आयएस १५४७७’ हे मानक आणि टाइलवर टाइल बसवण्यासाठी योग्य असल्याचा उल्लेख पाहा.

• क्लिक पद्धतीच्या एसपीसी फळ्या : काम झटपट होतं, वजनही कमी. मात्र खाली खड्डा असेल तर चालताना फळी दबते आणि सांधा सुटतो.

• व्हिनाइल शीट : स्वस्त, पण पातळ. खालचा प्रत्येक उंचवटा काही दिवसांत वर दिसू लागतो.

खड्डे कसे भरायचे?

आधी हातोडीच्या दांड्याने जुन्या लाद्या वाजवून बघा. पोकळ वाजणाऱ्या काढून तिथे सिमेंट-वाळूचा माल भरा. उंचवटे ग्राइंडरने घासा. गुळगुळीत मोझॅकवरचं पॉलिश आणि मेण घासून काढा. मग प्रायमर आणि त्यावर सेल्फ-लेव्हलिंग कम्पाउंड ओता. अ‍ॅडहेसिव्हचा थर जाड करून खड्डे भरू देऊ नका. जाड थर वाळताना आकसतो आणि लादी खाली-वर होते.

वजनाचं गणित

१०० चौरस फुटांच्या खोलीत एक इंच मालाचा थर दिला, तर त्याचंच वजन ५०० किलोच्या आसपास जातं. टाइल्सचे सुमारे २०० किलो वेगळे. तेच ५ मिमी अ‍ॅडहेसिव्हचं वजन १०० किलोच्याही आत राहतं. जुन्या स्लॅबवर हा फरक मोठा आहे. स्लॅबला तडे असतील किंवा खड्डा वाढत असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. तळमजल्यावर भराव खचला असेल, तर फरशी काढून भराव पुन्हा ठोकून घेण्याला पर्याय नाही.

हेही विसरू नका

• टाइल आणि अ‍ॅडहेसिव्ह मिळून फरशी साधारण दीड सेंटीमीटर वर येते. सगळे दरवाजे, विशेषतः सेफ्टी डोअर, उघडतात का ते आधीच मोजा.

• बाथरूमची फरशी हॉलपेक्षा खालीच राहायला हवी, नाहीतर पाणी बाहेर येईल.

• फरशीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून २४ तास ठेवा. खाली दव दिसलं, तर आधी ओल येण्याचं कारण शोधा.

• कंत्राटदाराकडून कोटेशन घेताना ‘लेव्हलिंग’चा खर्च वेगळा लिहून घ्या. काम अर्धवट असताना वाढणारं बिल बहुतेकदा याच कामाचं असतं.