भुताचा काळ, मुलांची भीती

मोबाईलने भयपटाच्या पायालाच धक्का दिला. हरवलेला मुलगा दोन मिनिटांत सापडणार असेल, तर प्रेक्षकाने जीव मुठीत धरायचा कशासाठी? म्हणून कुमारवयीन मुलांचे भयपट गेली काही वर्षे मागच्या काळात जाऊन बसले आहेत. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका 2016 मध्ये आली, पण तिची गोष्ट सुरू होते 1983 साली. स्टीफन किंगच्या ‘इट’ या 1986 च्या कादंबरीतली मुले 1958 च्या उन्हाळ्यात एका अमानुष विदूषकाला भिडतात. 2017 च्या चित्रपटाने त्यांना थेट 1989 मध्ये आणले. तीस वर्षे पुढे सरकूनही कथा मोडली नाही. सायकल घेऊन बाहेर पडलेले पोर दिवेलागणीपर्यंत कुठे आहे हे दोन्ही काळांत घरच्यांना ठाऊक नसे, आणि या प्रकाराचा सारा डोलारा तेवढ्यावर उभा असतो. चार-पाच मित्र, विश्वास न ठेवणारी मोठी माणसे, मोडू नये असा एखादा नियम हे ठरलेले संकेत मग आपोआप जागेवर बसतात.

आपल्याकडे याचा सर्वांत चांगला नमुना ‘तुंबाड’मध्ये आहे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटाचे (2018) धागे नारायण धारपांच्या ‘आजी’ या कथेशी जुळतात, आणि ती कथाही मुळात किंगच्याच एका कथेवरून आलेली. चित्रपट 1918, 1933 आणि 1947 अशा तीन काळांत फिरतो. कंदील, वाडा, कपडे सगळे चोख आहे; पण मला 1918 खरे वाटते ते एका प्रसंगामुळे. छोट्या नायकाचा, विनायकचा, धाकटा भाऊ झाडावरून पडतो. आई त्याला घेऊन भर पावसात निघते आणि विनायक घरातल्या भयंकर म्हातारीपाशी एकटा उरतो. मदत जवळ असती तर ही रात्र घडलीच नसती. इथे काळ नुसता सजावटीला नाही, तोच कथा पुढे ढकलतो. अनेक पावसाळे चित्रीकरण लांबवण्याचा हट्टही त्यामुळे सार्थ वाटतो.

आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ (2024) सुरू होतो 1952 च्या कोकणात. मुंज झालेला आणि सोडमुंजीआधीच गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत मराठी घरात कुणाला सांगावी लागत नाही. तिचा नियम पक्का असल्यामुळे सुरुवातीचा भाग अंगावर येतो. कथा आजच्या पुण्यात आली की विनोद वरचढ होतो आणि भीती पातळ होते, असे माझे मत आहे.

आम्हा झाशीकरांना जवळचा म्हणजे ‘स्त्री’ (2018). झाशीहून ललितपूरमार्गे गाठता येणाऱ्या चंदेरीत तो चित्रित झाला. भिंतीवर मजकूर लिहून चेटकिणीला परत पाठवण्याची कल्पना मात्र 1990 च्या दशकातल्या बंगळूरूच्या ‘नाळे बा’ या वदंतीतली. भूत परगावचे असूनही ते चंदेरीत रुजले, कारण नायक शिंपी आहे आणि गाव साड्यांचे. अरुंद गल्ल्यांनी उरलेले काम केले.

आता कुणी 1990 च्या दशकातल्या झाशीत अशी गोष्ट बसवली, तर काय सांभाळावे लागेल? स्थानकाच्या पाटीवर ‘झाँसी’ हवे. वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव 2021 च्या अखेरीस आले. स्कूटरवर ‘यूपी 93’ चालेल, पण कथा 1985 ची असेल तर नाही, कारण क्रमांकांची ही पद्धत नव्या मोटार वाहन कायद्याबरोबर, 1989 पासूनची. एवढे तर कुणीही कलादिग्दर्शक करील. मला हवा आहे तो पीसीओ. पिवळी पाटी, काचेची खोली, लाल आकडे पळवणारे मीटर. रात्री अकरानंतर परगावच्या फोनचे दर उतरत, म्हणून माणसे त्या वेळी फोनला बाहेर पडत. दिल्लीत नोकरीला असलेल्या भावाला फोन करायला निघालेली पंधरा वर्षांची मुलगी, थंडीतले धुके, अर्ध्या वाटेत गेलेली वीज. अशा अवेळी ती रस्त्यावर का, हे वेगळे पटवून द्यावेच लागत नाही. 1993 ला सुरू झालेला ‘झी हॉरर शो’ तिने आदल्या आठवड्यात पाहिलेला असेल, तर ती नेमकी कशाला घाबरेल तेही कळते.

नाव बदललेली पाटी रंगवता येते, पण तेव्हा कोण कुठल्या वाटेने का जात नसे, हे माणसांनाच विचारावे लागते. झाशीवर 1953 साली सोहराब मोदींनी चित्रपट केला, 2019 मध्ये ‘मणिकर्णिका’ आला, दोन्ही राणीचे. या शहरातल्या मुलांच्या भीतीची गोष्टही कुणी तरुण दिग्दर्शकाने करावी, आणि लिहिण्याआधी इथल्या जुन्या पीसीओवाल्यांशी, व्हिडिओ लायब्ररी चालवलेल्यांशी बोलून घ्यावे. ती पिढी आज साठी-सत्तरीत आहे. उशीर करू नये.