बचावपटूला नको असलेला चेंडू

कोणत्याही सेंटर-बॅकला विचारा, सगळ्यात नकोसा चेंडू कोणता. समोरून उंच येणारा चेंडू त्याला आवडतोच. दोन पावलं पुढे टाकायची आणि डोक्याने परतवायचा. जीव खातो तो डोक्यावरून जाऊन पाठीमागे, कॉर्नरच्या झेंड्याकडे पडणारा चेंडू. गर्रकन वळायचं, स्वतःच्याच गोलाकडे तोंड करून धावायचं आणि मागून कोण किती वेगाने येतंय याचा अंदाज पावलांच्या आवाजावरून घ्यायचा. जॅक चार्लटनने असे चेंडू वीस वर्षं सोसले. प्रशिक्षक झाल्यावर त्याने हेच दुखणं समोरच्यांना द्यायचं ठरवलं, आणि त्या जोरावर पस्तीस लाख वस्तीच्या आयर्लंडला विश्वचषकात शेवटच्या आठांत नेऊन बसवलं.

इंग्लंडच्या ईशान्येला नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅशिंग्टन हे कोळसाखाणींचं गाव. ८ मे १९३५ रोजी जॅक तिथे जन्मला. वडील खाणकामगार, आईकडचं घराणं मात्र फुटबॉलचं. आई सिसीचे चारही भाऊ व्यावसायिक खेळाडू होते आणि न्यूकॅसलचा लाडका जॅकी मिलबर्न तिचा चुलतभाऊ. जॅकचा धाकटा भाऊ बॉबी हा उपजत गुणांचा; मँचेस्टर युनायटेडने त्याला पंधराव्या वर्षीच उचललं. उंच, काटकुळ्या, लांब मानेच्या जॅकच्या वाट्याला तसलं कौतुक आलं नाही. तो खाणीत उतरला आणि हे आपलं काम नव्हे म्हणून थोड्याच दिवसांत बाहेर पडला. मग पोलीस भरतीसाठी अर्ज केला. मुलाखत आणि लीड्स युनायटेडची निवड चाचणी नेमकी एकाच दिवशी आली. तो चाचणीला गेला.

पुढे १९७३ पर्यंत त्याने दुसऱ्या क्लबचा शर्ट अंगात घातला नाही. लीड्ससाठी साडेसातशेहून अधिक सामने आणि बचावपटू असूनही नव्वदहून जास्त गोल! यातले कितीतरी कॉर्नरवरचे. हा उंचापुरा माणूस प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहायचा. गोलरक्षकाला चेंडू दिसेना, की पुढे यायला वाट मिळेना. नियमात बसणारी, पण समोरच्याला वैताग आणणारी ही युक्ती. दुसऱ्याची अडचण नेमकी कुठे आहे हे हेरायची सवय त्याला तेव्हापासूनच होती.

इंग्लंडच्या संघात तो आला तो एप्रिल १९६५ मध्ये, तिशीला महिनाभर उरला असताना. आपल्याला का घेतलं, असं त्याने प्रशिक्षक अल्फ रॅम्झीला विचारलं होतं. सगळ्यात चांगले खेळाडू मी घेतोच असं नाही, अशा आशयाचं उत्तर त्याला मिळालं. रॅम्झीच्या डोक्यात एक आराखडा होता. कर्णधार बॉबी मूर चेंडू घेऊन पुढे सरकला, की मागचं दार लावून उभा राहणारा कोणीतरी हवा होता, तो जॅक. अपमान वाटावा असं हे उत्तर त्याने आयुष्यभर जपलं, आणि आयर्लंडमध्ये स्वतः तसाच वागला.

३० जुलै १९६६, वेम्बली, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड २-१ ने पुढे, शेवटचं मिनिट. पश्चिम जर्मनीच्या हेल्डवर अंग टाकलं म्हणून जॅकविरुद्ध फ्री किक दिली गेली आणि त्यातून वेबरने बरोबरी साधली. अर्धा तास जादा खेळ झाला आणि इंग्लंड ४-२ ने जिंकलं. शिट्टी वाजली तेव्हा जॅक गुडघ्यांवर बसला आणि त्याने चेहरा हातांत झाकून घेतला. जॅक आणि बॉबी, एका घरातले दोघे सख्खे भाऊ, जगज्जेते झाले होते. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडमधला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला.

प्रशिक्षकपणाचा अभ्यास मात्र त्याने फार आधी, विशीतच सुरू केला होता. लिलशॉलच्या प्रशिक्षण शिबिरांना तो जाई आणि मैदानावर जाणवलेलं तिथे शब्दांत मांडायला शिके. त्यामुळे १९७३ मध्ये मिडल्सब्रोची सूत्रं हाती आली तेव्हा तो तयार होता. त्या काळात बचावफळ्या एका रेषेत पुढे सरकून आघाडीवीराला ऑफसाइडमध्ये पकडत. जॅकचा तोडगा असा, की पुढचे दोघे तिथेच राहावेत आणि मधल्या फळीतून अ‍ॅलन फॉगनने धावत त्या रेषेच्या पलीकडे जावं. आधी मागे असलेला माणूस ऑफसाइड होणार कसा? विजयाला दोन गुण मिळण्याच्या त्या काळात मिडल्सब्रोने दुसरी डिव्हिजन पंधरा गुणांच्या फरकाने जिंकली. त्याच मोसमात बॉबीच्या हाताखालचा प्रेस्टन मात्र खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला. मला ही नोंद फार बोलकी वाटते. ज्याला सगळं आपसूक येत होतं, त्याला ते दुसऱ्याला उलगडून सांगता आलं नसावं.

पुढे शेफील्ड वेन्सडेला त्याने तिसऱ्या डिव्हिजनच्या तळातून वर काढलं. न्यूकॅसलमध्ये एकच मोसम टिकला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवल्यावर राजीनामा देऊन निघून गेला. इंग्लंडच्या प्रशिक्षकपदासाठी १९७७ मध्ये त्याने अर्ज केला होता. त्याला साधी पोचही आली नाही, आणि हा सल त्याच्या मनातून कधी गेला नाही.

फेब्रुवारी १९८६ मध्ये आयर्लंडने त्याला बोलावलं. तोपर्यंत हा संघ कुठल्याच मोठ्या स्पर्धेला पात्र ठरला नव्हता. जॅकने पाहिलं, की सगळे देश एकाच पद्धतीने खेळतात: मागून सावकाश, मधल्या फळीतल्या कसबी खेळाडूमार्फत. त्यांच्याशी त्यांच्याच खेळात आपण जिंकणार नाही, तेव्हा त्यांना तो खेळूच द्यायचा नाही. चेंडू फुलबॅकच्या पाठीमागे टाका, त्याला वळायला लावा आणि तो सावरायच्या आत तिघे अंगावर जा. चुकतो तो तिथे. खेळाडूंसाठी त्याने आजी-आजोबांच्या जन्मगावांचाही शोध घेतला, कारण नियमाप्रमाणे आयरिश आजी असलेल्यालाही खेळता येत होतं. ग्लासगोत जन्मलेला रे हाउटन आणि लिव्हरपूलचा जॉन अ‍ॅल्ड्रिज आयरिश घराण्याच्या नात्यानेच संघात आले.

१२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये युरो स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडची गाठ पडली. सहाव्या मिनिटाला हाउटनने हेडर मारला आणि आयर्लंडने १-० ने सामना जिंकला. ज्यांनी पत्राचं उत्तर दिलं नव्हतं, त्यांना हे उत्तर होतं.

या खेळावर टीकाही झाली. लियम ब्रेडीसारख्या नजाकतीच्या खेळाडूला त्याने मध्यंतराआधीच बाहेर काढलं. १९९० च्या विश्वचषकात इजिप्तशी ०-० बरोबरी झाली तेव्हा समालोचक इमन डन्फीने टीव्हीवर संतापून पेन फेकलं. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या संघात याहून देखणं खेळायची ऐपत होती. पण मला जॅकचं पारडं जड वाटतं. सत्तर वर्षांत जे जमलं नाही, ते याच खेळाने जमवलं. जेनोआत रुमानियाविरुद्ध पेनल्टींवर निकाल लागायचा होता. पॅकी बॉनरने तिमोफ्तेचा फटका अडवला आणि निर्णायक पेनल्टीसाठी डेव्हिड ओलिअरी पुढे आला. १९८६ मध्ये कुटुंबासोबतची सुट्टी रद्द करायला नकार दिला म्हणून जॅकने दोनेक वर्षं बाहेर बसवलेला हाच तो ओलिअरी. त्याने चेंडू जाळ्यात धाडला. रोममध्ये स्किलाचीच्या एका गोलाने इटलीने त्यांना रोखलं. डब्लिनला संघ परतला तेव्हा रस्त्यांवर लाखो लोक होते.

चार वर्षांनी, पुढच्या विश्वचषकात, ओरलँडोच्या भर दुपारच्या उन्हात मेक्सिकोशी सामना होता. खेळाडूंना पाणी देण्यावरून जॅकची आधीपासूनच अधिकाऱ्यांशी हुज्जत चालली होती. त्यात बदली खेळाडू अ‍ॅल्ड्रिजला मैदानात जाऊ देईनात. आपला एक माणूस कमी आहे आणि दुसरा रेषेवर ताटकळतोय, हे पाहून जॅक अक्षरशः भांडला. फिफाने दंड केला आणि पुढच्या सामन्यात त्याला रेषेवर उभं राहायला मनाई केली. पण उशिरा आत गेलेल्या अ‍ॅल्ड्रिजने हेडरवर गोल केला. सामना २-१ ने गेला, तरी गटातल्या चारही संघांचे चार-चार गुण झाले आणि त्या एका गोलामुळे आयर्लंड तळाला न जाता पुढे गेलं.

कठोर म्हणून तो ओळखला गेला, पण पॉल मॅकग्रासारख्या दारूच्या व्यसनाने पोखरलेल्या खेळाडूला त्याने वाऱ्यावर सोडलं नाही. तो सरावाला आला नाही, तर जॅक कधी दुखापतीचं कारण पुढे करी आणि पुन्हा संघात घेई. त्याच मॅकग्राने १९९४ मध्ये न्यू जर्सीत इटलीचं आक्रमण थोपवलं आणि हाउटनच्या गोलवर आयर्लंडने १-० असा विजय मिळवला.

डिसेंबर १९९५ मध्ये अ‍ॅनफिल्डवर क्लुइव्हर्टच्या दोन गोलांनी नेदरलँड्सने आयर्लंडची युरोची वाट बंद केली. सामना संपल्यावरही आयरिश प्रेक्षक जागचे हलेनात, म्हणून जॅक पुन्हा मैदानात आला. त्याच महिन्यात त्याने पद सोडलं. पुढच्या वर्षी आयर्लंडने त्याला मानद नागरिकत्व दिलं. १० जुलै २०२० रोजी, पंच्याऐंशीव्या वर्षी तो गेला. त्याने सोडलेल्या प्रशिक्षकपदावर आला होता तो १९९० चा त्याचा कर्णधार मिक मॅकार्थी, बार्न्सलीत जन्मलेला सेंटर-बॅक. २००२ च्या विश्वचषकात आयर्लंडला घेऊन गेला तो हाच.