वाफेचा बंब आणि आपली विहीर

आगीचा बंब म्हटला की लाल मोटार डोळ्यांपुढे येते. मोटारीआधी लंडनला हातबंब होते. रिचर्ड न्यूशॅम याने १७२१ व १७२५ साली पेटंटे घेतली. त्याच्या बंबाचा दांडा दोन्ही बाजूंनी माणसे दाबीत. खरी गोम होती हवेच्या कोठीत. दट्ट्याने पाणी झटक्याझटक्याने येते. कोठीत कोंडलेली हवा आधी दबते, मग पाण्याला सारखी रेटते. म्हणून धार तुटत नाही.

पण माणसे दमतात. १८२९ साली ब्रेथवेट आणि एरिक्सन यांनी वाफेचा बंब बांधला. ओढायला घोडे, पंपाला वाफ. ताकद सुमारे १० अश्वशक्ती. फेब्रुवारी १८३० मध्ये अर्गाइल रूम्सना आग लागली. थंडीने हातबंब गोठले, हा पठ्ठ्या मात्र तासन्‌तास चालला. तरी तो जड, पाणी फार खातो, म्हणून लंडनच्या बंबखात्याने नाकारला! वाफ पत्करायला १८६० साल उजाडले.

एक गोष्ट अजून तीच आहे. पंप पाणी ओढीत नाही. नळीतली हवा काढली की बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. हिशेबाने १० मीटर, व्यवहारात ७-८ मीटरच धरा. उन्हाळ्यात विहीर १२ मीटर खाली गेली, तर पाणी दिसत असूनही काठावरच्या बंबाला ते मिळत नाही. तेव्हा फडाजवळचा भरलेला हौद, तळे वा कालवा कोणता, तिथवर गाडी जाते का, हे गट ऑफिसात आधीच सांगून ठेवा. ऊस पेटल्यावर शोधाशोध होत नाही.